वुड, मस्ट, कुडमुळे मेलचा अर्थ फिरतोय? तपासायचं कसं

सपोर्ट टीममधे असल्यामुळे क्लायंटला जाणारे मेल, रिलीज नोट्स, 'हे करा ते करू नका' छापाच्या सूचना बाहेर पडायच्या आधी माझ्या नजरेखालून जातात. 'ए' आणि 'द' चुकलं तर क्लायंट समजून घेतो, स्पेलिंग मशीनच पकडतं, पण मोडल (म्हणजे कॅन, वुड, मस्ट असली सहायक क्रियापदं) चुकलं की वाक्य दिसायला एकदम टापटीप आणि अर्थ भलताच, आणि हा एकच फॉल्ट इतका परत परत येतो की आता मी मेल उघडला की आधी वुड कुठे आहे ते बघते. नवीन पोरंच चुकतात असं नाही बरं का, केस पिकलेले मॅनेजरही तितकेच.

आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं काही होतंय का बघा.

तुम्ही कळवलं 'वी कुड फिक्स द इश्यू', म्हणजे काम झालं, आणि समोरून उत्तर येतं 'ग्रेट, प्लीज गो अहेड'.

तुम्ही कॉलची तारीख दिली, 'द कॉल वुड बी ऑन मंडे', आणि क्लायंट विचारतो की हे कन्फर्म आहे का अजून कशावर अडलंय.

तुम्हाला म्हणायचं होतं गरज नाही, त्यांनी वाचलं सक्त मनाई. (हे सगळ्यात महागात पडतं, खाली सविस्तर.)

'यू वुड हॅव टोल्ड मी' असं तुम्ही जरा रागाने म्हणालात आणि परदेशातला माणूस नुसता थांबून राहिला, जणू तुमचं वाक्य अर्धवट आहे.

विनंतीचा मेल साहेबांना धमकीसारखा वाटला.

आणि सगळ्यात साधं म्हणजे एडिटर 'कॅन टू', 'मस्ट गोज' असल्या जागी रेघ मारतो आणि तुम्ही ती रेघ इग्नोर करून सेंड दाबता.

आता प्रश्न असा की बारावीपर्यंत मोडल ऑग्झिलरी घोकून घोकून आलेल्या लोकांचं हे का होतं. मला वाटतं पेपरचीच सवय नडते. बोर्डाच्या पेपरात 'ॲबिलिटी दाखवणारं मोडल वापरा', 'ऑब्लिगेशन दाखवणारं मोडल वापरा' असं आधीच सांगितलेलं असतं, म्हणजे अर्थ ठरवायचं अवघड काम पेपर काढणाऱ्याने केलेलं असतं, आपण फक्त यादीतला शब्द उचलायचा. मेल लिहिताना मात्र अर्थ आपल्यालाच ठरवायचा असतो, तो ठरत नाही, आणि मग मराठी वाक्यातल्या क्रियापदावरून जो पहिला शब्द सुचेल तो पडतो. म्हणून खालच्या बऱ्याच तपासण्या मी मराठी वाक्यावरच करायला सांगणारे.

सगळ्यात स्वस्त: मोडलच्या पुढचा शब्द बघा

अर्थाचा विचारसुद्धा करायचा नाही, फक्त डोळ्यांनी बघायचं. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, यांच्या पुढे क्रियापद मूळ रूपात हवं. 'टू' नको, 'एस' नको, 'ईडी' नको, नुसतं 'आयएनजी' नको. 'ही मस्ट टू सबमिट' नाही, 'शी कॅन गोज' नाही, 'डिड नॉट'च्या धर्तीवर 'डिड नॉट कॅन' तर अजिबात नाही. 'टू' मागणारे भाऊबंद वेगळे आहेत, हॅव टू, ऑट टू, एबल टू, यूज्ड टू, त्यांचं 'टू' काढू नका.

'ही कॅन'ला एस का लागत नाही याचं कारण गमतीचं आहे. यातली बरीचशी क्रियापदं इतकी जुनी आहेत की त्यांचं आजचं वर्तमानकाळी रूप कधीकाळी भूतकाळी रूप होतं, आणि भूतकाळाला एस लागत नाही, 'ही वेंट'ला कुठे लागतो? (जाता जाता: कुडच्या स्पेलिंगमधला एल मूळचा नाहीच, वुड आणि शुडमधे होता म्हणून बघून बघून यालाही चिकटला.)

त्याच नजरेत दोन मोडल शेजारी शेजारी आहेत का तेही बघून घ्या. 'आय विल कॅन जॉइन टुमॉरो' हे थेट 'उद्या जॉइन होऊ शकेन'मधून येतं. आपलं शकणे बिचारं सगळ्या काळांत चालतं, शकतो, शकलो, शकेन, शकलो असतो. इंग्रजी कॅनला तेवढे पाय नाहीत, भविष्यकाळ आला की 'विल बी एबल टू' घ्यावं लागतं. मस्टचंही तसंच, 'विल मस्ट' होत नाही, 'विल हॅव टू' होतं.

कंट्रोल एफ दाबा आणि वुड शोधा

माझ्या हिशोबाने इथे निम्मं काम होतं, आणि फुकट होतं. आपल्याकडच्या ऑफिस इंग्रजीत ठरलेल्या गोष्टींना वुड लावायची जबरदस्त सवय आहे. 'द सर्व्हर वुड बी डाउन ऑन संडे.' 'आय वुड बी ऑन लीव्ह फ्रॉम टेन्थ.' 'द पॅच वुड बी रिलीज्ड बाय फ्रायडे.' शेवटच्या वाक्यावर आमच्या एका क्लायंटने एकाच ओळीचं उत्तर दिलं होतं, 'वुड बी, इफ व्हॉट?' टोमणा होता, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. वुड दिसलं की इंग्रजी वाचणारा माणूस आपोआप एखादी अट शोधायला लागतो, रिलीज होईल, पण कशावर अवलंबून?

ही सवय येते कुठून तर नम्रतेच्या गैरसमजातून. कॅनचं कुड केलं की विनंती मऊ होते हे शाळेत शिकवलेलं असतं, 'वुड यू प्लीज' तर सगळ्यांनाच माहीत, मग विलचं वुड केलं की सगळा मेलच अदबशीर होईल असं वाटतं. विनंतीत होतो, माहितीत होत नाही. सर्व्हर बंद असणार हे सांगताना नम्र कशाला व्हायचं, तो बंद असणार म्हणजे असणार.

तर प्रत्येक वुडपाशी थांबा आणि बघा, वाक्यात इफ आहे का? आधी 'सेड', 'टोल्ड', 'थॉट' असं काही आहे का? विनंती किंवा इच्छा आहे का, म्हणजे 'वुड यू', 'वुड लाइक'? कल्पनेतली गोष्ट आहे का? पूर्वी नेहमी व्हायचं असं सांगताय का? यातलं काहीच नसेल तर वुड काढून विल टाका. पण यातलं एखादं असेल तर हात लावू नका, कारण हा नियम कळल्यावर आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने पूर्ण डॉक्युमेंटमधले वुड एका झटक्यात रिप्लेस ऑल केले आणि 'द क्लायंट सेड दे वुड कन्फर्म'चं जे काय झालं ते निस्तरायला अर्धा दिवस गेला.

भारतातल्या भारतात हे वुड चालून जातं, सगळ्यांना सवय आहे, कोणी इफ व्हॉट विचारत नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

शोधतच आहात तर 'मस्ट बी नोइंग' पण शोधून घ्या. 'ॲज यू मस्ट बी नोइंग' हे 'तुम्हाला माहीत असेलच'चं रूप आहे, पण नो, अंडरस्टँड, हॅव, बिलाँग असली क्रियापदं अशा अर्थाने आयएनजी घेत नाहीत. 'ॲज यू प्रोबेबली नो' म्हणा, विषय संपला.

नॉट असलेली वाक्यं, ही हळू वाचा

इथून पुढे डोकं लागतं. मस्ट म्हणजे करावं लागतं, म्हणून मस्ट नॉट म्हणजे करावं लागत नाही, असं गणित आपण घालतो. ते चूक आहे. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचं नाही, मनाई. 'करावं लागत नाही' म्हणजे 'डू नॉट हॅव टू' किंवा 'नीड नॉट'.

आमच्याकडे पॅचसोबत (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या छोट्या दुरुस्तीसोबत) सूचना गेली होती, 'यू मस्ट नॉट रिस्टार्ट द सर्व्हर आफ्टर इन्स्टॉलिंग.' लिहिणाऱ्याच्या मनात होतं की रिस्टार्ट मारायची गरज नाही, पॅच चालू सर्व्हरवरच लागतो, तेवढाच तुमचा वेळ वाचेल. क्लायंटच्या ॲडमिनने वाचलं की रिस्टार्ट केलात तर काहीतरी बिघडेल. पुढे शनिवारी वेगळ्याच कारणाने तो सर्व्हर लटकला, एरवी त्या माणसाने डोळे झाकून रिस्टार्ट केला असता, पण लेखी मनाई समोर होती म्हणून त्याने सपोर्टकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं आणि वाट बघत बसला, सोमवारी सकाळी आमचा माणूस तिकीट उघडून म्हणतो, अहो मग रिस्टार्ट का नाही केला?

याची टेस्ट सोपी आहे. तुमचं मराठी वाक्य दोन प्रकारे म्हणून बघा, 'करायची गरज नाही, पण केलं तरी चालेल' आणि 'अजिबात करायचं नाही'. पहिलं जमत असेल तर मस्ट नॉट लिहू नका. 'करायला नको' हे वाक्य मनात येत असेल तर जास्तच सावध राहा, कारण 'करायला नको'चे मराठीत दोन्ही अर्थ होतात आणि आपल्याला ते जाणवतसुद्धा नाही.

'मे नॉट'चाही छोटा घोळ आहे. 'यूजर्स मे नॉट लॉग इन आफ्टर सिक्स', याचा अर्थ परवानगी नाही की कदाचित करणार नाहीत? लेखी सूचनेत 'आर नॉट अलाउड टू' किंवा 'माइट नॉट' असं सरळ लिहून मोकळं व्हा.

पाहिजे आणि लागतं वेगळे काढा

ही तपासणी आपल्यासाठी खरं म्हणजे सोपी आहे कारण मराठीने आधीच खाती पाडून ठेवलीत, आपण वापरत नाही एवढंच. वाक्यात लागणे असेल तर हॅव टूचं कुटुंब: करावं लागतं, 'हॅव टू'. करावं लागलं, 'हॅड टू'. करावं लागेल, 'विल हॅव टू'. नुसतं पाहिजे किंवा हवं असेल तर शुड. पाहिजेच्या आधी 'च' आला, करायलाच पाहिजे, तर मस्ट. पाहिजे होतं, तर 'शुड हॅव'.

कालच्या सक्तीला मस्ट लावता येत नाही हे लक्षात ठेवा. 'येस्टरडे आय मस्ट गो' असं काही नसतं, 'हॅड टू'च. आणि 'यू वुड हॅव टोल्ड मी' हे जे आपण तावातावाने म्हणतो ते 'सांगायचं ना मला!' आहे, म्हणजे सांगायला पाहिजे होतं, म्हणजे 'यू शुड हॅव टोल्ड मी'. वुड हॅव म्हटल्यावर समोरच्याला ऐकू येतं 'तू सांगितलं असतंस…' आणि तो पुढचं 'पण' ऐकायला थांबतो.

शकलो: झालं की होऊ शकतं?

'वी कुड फिक्स द इश्यू'वर 'गो अहेड' का आलं? कारण एखाद्या ठरावीक वेळी एखादं काम प्रत्यक्ष जमलं हे सांगायला होकारार्थी कुड चालत नाही, तिथे 'वर एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं. नुसतं 'वी कुड फिक्स' वाचून वाटतं की 'आम्ही करू शकू, म्हणाल तर.' त्यातही सगळ्यात उत्तम म्हणजे मोडलच टाकू नका, 'वी फिक्स्ड द इश्यू' लिहा. मराठीत 'काम करू शकलो' म्हणताना आपल्याला थोडा कष्टाचा सूर द्यायचा असतो, क्लायंटला त्यात रस नसतो.

कुड बरोबर कुठे? पूर्वीची कायमची क्षमता असेल तर, 'लहानपणी मला पोहता यायचं' टाइप. दिसलं, ऐकू आलं, समजलं यांच्यासोबत, 'वी कुड सी द एरर इन द लॉग' अगदी ठीक. आणि नकारात कुठेही, 'वी कुड नॉट रिप्रोड्यूस इट' बिनधास्त लिहा.

असेल, असणार, असावं

हा सगळ्यात अवघड भाग, कारण इथे व्याकरण नाही तर तुमची खात्री मोजायची आहे. 'फाइल डिलीट झाली असेल', हे लिहिताना लोक मस्ट हॅव, मे हॅव, वुड हॅव यातलं काहीही टाकतात. नुसत्या 'असेल'वर जाऊ नका, तो मराठीत फार सैल शब्द आहे. वाक्याच्या आधी 'कदाचित' लावून बघा आणि मग 'नक्कीच' लावून बघा. कदाचित बसलं तर 'मे हॅव' किंवा 'माइट हॅव बीन डिलीटेड'. नक्कीच बसलं, म्हणजे 'डिलीट झालीच असणार, दुसरं काही होऊच शकत नाही', तर 'मस्ट हॅव बीन'. मे आणि माइटमधे फार डोकं घालू नका, माइटमधे जरा कमी खात्री, एवढंच पुरे.

नकारात मात्र उडी आहे. 'ते होणं शक्यच नाही' याला 'मस्ट नॉट हॅव' सुचतं, पण इथे 'कान्ट हॅव' लागतं. लॉगमधे बॅकअपची नोंदच नाही, तर 'द बॅकअप कान्ट हॅव रन'.

'तो पोचला असेल'साठी 'ही वुड हॅव रीच्ड' टाळा. अंदाजासाठी असं म्हणणारे इंग्रज लोकही आहेत, पण लेखी मेलमधे वाचणाऱ्याला ते 'पोचला असता, पण…' असं लागतं.

इन्सिडेंट रिपोर्टमधे ही तपासणी टाळू नका. 'युवर टीम मस्ट हॅव चेंज्ड द पासवर्ड' हा अंदाज म्हणून लिहिला जातो आणि आरोप म्हणून वाचला जातो. 'माइट हॅव' लिहिलं असतं तर त्याच माहितीवर भांडण झालं नसतं.

जर-तर, तेही गेलेलं

'मला आधी कळलं असतं तर मी बॅकअप घेतला असता.' मराठीत दोन्ही बाजूंना 'असतं-असता' येतं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव पडतं: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टेकन…'. इफच्या बाजूचं वुड काढा, तिथे 'हॅड' हवं, 'इफ आय हॅड नोन'. दुसऱ्या बाजूचं राहू द्या. अमेरिकन माणसांच्या बोलण्यात दोन्हीकडे वुड ऐकू येतं हे खरं, पण लेखी मजकुरात तेही ते दुरुस्त करतात.

सूर

थोडक्यात आटपते. 'यू हॅड बेटर सेंड द फाइल' हे 'पाठवलीत तर बरं होईल' नाही, 'पाठव, नाहीतर बघ' आहे, वरिष्ठांना कधीच नको. मदत देऊ करताना 'करू का?' म्हणजे 'शॅल आय'. बाकी आपल्या शाळांत 'आय शॅल, यू विल' शिकवतात तो नियम १६५३ साली जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने लॅटिनमधे लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणापर्यंत मागे जातो, हा तोच वॉलिस ज्याने पुढे गणितात अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह आणलं. चिन्ह टिकलं, नियम आजच्या मेलमधे कोणी पाळत नाही, 'आय विल' लिहा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

करारनामा, एसएलए (सेवा किती आणि कशी देणार याचा करार), नोटीस, ॲफिडेव्हिट, ऑफर लेटर. इथलं शॅलचं विल किंवा मेचं मस्ट 'भाषा सुधारायची' म्हणून बदलू नका, एक शब्द हलला की कोणावर काय बंधन आहे ते हलतं. कायद्यात तर आपल्या कोर्टांनी संदर्भ बघून 'मे'चा अर्थ सक्तीचा, 'शॅल'सारखा, लावल्याचीही उदाहरणं आहेत, त्यामुळे साध्या 'मे' शब्दाला साधं समजू नका. वकिलाला किंवा कंपनीच्या लीगल टीमला दाखवा.

टेक्निकल स्पेसिफिकेशनही तसंच. इंटरनेटच्या प्रोटोकॉलवाल्यांनी मार्च १९९७ मधे आरएफसी २११९ (आरएफसी म्हणजे त्यांचे क्रमांक दिलेले जाहीर दस्तऐवज) मधे या शब्दांचे अर्थच बांधून टाकले, मस्ट म्हणजे पूर्ण सक्ती, शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजत असतील तरच सोडता येईल, मे म्हणजे ऐच्छिक, आणि २०१७ मधे आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं की हे खास अर्थ कॅपिटलमधे लिहिलेल्या शब्दांनाच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या स्टँडर्डमधे मात्र सक्तीसाठी शॅल वापरतात. तेव्हा कुठल्या घरचं डॉक्युमेंट आहे हे माहीत नसताना हात घालू नका, टेक्निकल रायटरकडे द्या. औषधाच्या, मशीनच्या, विजेच्या सुरक्षिततेच्या सूचना असतील तर त्या विषयातल्या माणसाने वाचल्याशिवाय मस्ट नॉट आणि नीड नॉटची अदलाबदल कोणीही करू नये, मीसुद्धा करत नाही.

आणि एक केस अशी येते की सगळ्या तपासण्या झाल्या तरी विल की माइट हे ठरतच नाही. तेव्हा इंग्रजी सोडा आणि ज्याच्या हातात रिलीज आहे त्याला फोन लावा, शुक्रवारी पॅच जाणार आहे का नाही हे त्याच्याकडूनच कळेल. तोही 'बघू' म्हणाला तर 'माइट' लिहा आणि त्याला सीसीमधे ठेवा.